रेकॉर्ड करून पाठवायची व्हिडिओ मुलाखत: लिंक सगळ्यात शेवटी उघडायची

मेल येतो. पहिल्या फेरीसाठी निवड झाली आहे, खालच्या लिंकवर जाऊन पाच दिवसांत व्हिडिओ मुलाखत पूर्ण करा. गोव्यातल्या फोंड्याच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या एका मुलाने असा मेल उघडला आणि ‘बघू तरी काय आहे’ म्हणून तिथल्या तिथे लिंक दाबली. कॅमेऱ्याची परवानगी मागितली गेली, त्याने दिली. ‘सुरू करा’ असं बटण आलं, तेही दाबलं. पडद्यावर पहिला प्रश्न आला आणि बाजूला तीस सेकंद उलटे मोजायला लागले. मागे कंडक्टर ‘पणजी, पणजी, पणजी’ ओरडत होता. त्या प्रश्नाला दुसरी संधी नव्हती. कंपनीकडे गेलं ते तेच रेकॉर्डिंग.

मी काही वर्षं एका कारखान्याच्या भरती विभागात होते. तिथे असे व्हिडिओ पाहून माणसं निवडण्याचं काम माझ्याकडे असायचं. आता फोंडा, डिचोली, साखळीकडच्या मुलामुलींची तयारी करून घेते. बहुतेकांचं बिघडतं ते उत्तरात नाही, क्रमात बिघडतं. लिंक आधी उघडतात, जागा नंतर शोधतात आणि उत्तराचा विचार कॅमेरा सुरू झाल्यावर करतात.

या मुलाखतीत समोर कोणीच नसतं. प्रश्न लिहिलेला दिसतो, किंवा कोणीतरी विचारतानाचा छोटा व्हिडिओ दिसतो. विचार करायला साधारण अर्धा ते एक मिनिट मिळतं आणि उत्तराला एक ते तीन मिनिटं. वेळ संपली की रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. ते पाहणारा माणूस नंतर, त्याच्या सवडीने पाहतो. तो मान हलवणार नाही, ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारणार नाही, अडलात तर सांभाळून घेणार नाही. ते सगळं आधीच स्वतः करून ठेवायचं असतं.

## १. मेल दोनदा वाचा, लिंक एकदाही दाबू नका

वही घ्या आणि मेलमधून एवढं उतरवून काढा:

- शेवटची तारीख, वेळ, आणि ती वेळ कोणत्या देशाची
- प्रश्न किती, विचाराला वेळ किती, उत्तराला किती
- उत्तर पुन्हा रेकॉर्ड करता येतं का
- लॅपटॉप चालेल की मोबाईल, कोणता ब्राउझर, की अ‍ॅप उतरवावं लागेल
- उत्तर कोणत्या भाषेत द्यायचं
- तांत्रिक अडचण आली तर कोणाला कळवायचं

मेलमध्ये यातलं काही नसेल तर पाठवणाऱ्याला दोन ओळींचा मेल करून विचारा: प्रश्न किती आहेत, उत्तर पुन्हा रेकॉर्ड करता येतं का. असं विचारल्याने कोणाचं मत वाईट होत नाही. उत्तर आलंच नाही, तर एकच संधी आहे असं धरून चाला.

वेळेत फसणारे पुष्कळ आहेत, विशेषतः आखातातल्या आणि बोटीवरच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करणारे. दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणजे तिथले रात्रीचे ११:५९ हे आपल्याकडे रात्रीचे १:२९. न्यूयॉर्कचे रात्रीचे ११:५९ आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी येतात, हिवाळ्यात १०:२९ ला आणि उन्हाळ्यात ९:२९ ला. अमेरिकन कंपनी ०५/०६ लिहिते तेव्हा तो ६ मे असतो, ५ जून नव्हे. एवढा हिशोब करून झाला की स्वतःसाठी तारीख त्याच्या पूर्ण एक दिवस आधीची ठरवा. शेवटच्या रात्री नेट गेलं तर बारा वाजता कोणाचं दार ठोठावणार?

इशारा: मुलाखतीच्या नावाखाली पैसे, ओटीपी किंवा बँकेचे तपशील मागितले तर तिथेच थांबा. कॅमेऱ्यासमोर आधार कार्ड धरायला सांगितलं, तर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून संपर्क शोधून आधी खात्री करा. तारवटी, म्हणजे खलाशी म्हणून बोटीवर पाठवणाऱ्या भारतीय एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना असावा लागतो आणि नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून फी घ्यायला त्याला मनाई आहे. ‘व्हिडिओ पास झाला, आता प्रोसेसिंगचे पैसे भरा’ असा फोन आला तर परवाना क्रमांक विचारा.

## २. जागा आणि वेळ पक्की करा

आपल्या घरांचे आवाज आपल्याला ऐकूच येत नाहीत इतके सवयीचे झालेले असतात. माईकला ते सगळे ऐकू येतात. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू, मासळीवाल्याची हाळी, शेजारचा कुत्रा, कुकरची शिट्टी, देवळातली घंटा. ज्या खोलीत रेकॉर्ड करणार, त्या खोलीत आदल्या दिवशी त्याच वेळी पंधरा मिनिटं डोळे मिटून बसा आणि जे जे ऐकू येईल ते लिहा. बहुतेक घरांत पाव आणि मासळीची फेरी संपल्यावरची आणि जेवणाची गडबड सुरू होण्याआधीची, साधारण साडेदहा ते साडेअकराची वेळ बरी पडते. त्या वेळी खिडकीतून उजेडही चांगला येतो.

पावसाळ्यात छप्पर बघा. पत्र्याखाली किंवा पातळ शेडखाली पावसाची सर आली की कोणताही माईक कामाचा नाही. कौलारू घर असेल तर माळा किंवा खाली लाकडी तक्तपोशी असलेली खोली निवडा. स्लॅबचं घर असलेला नातेवाईक किंवा मैत्रीण जवळ असेल तर सरळ त्यांच्याकडे तासाभरासाठी खोली मागा. बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, उजेड सुरेख असतो म्हणून तिथे बसायचा मोह होतो, पण रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण तिथे थांबून विचारणार, ‘काय गो, काय चाललंय?’

पणजीत पाट्टोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. उत्तरांचा विचार करायला, कंपनीविषयी वाचायला तिथे जरूर जा, पण रेकॉर्डिंगला वाचनालय उपयोगाचं नाही, कारण तिथे मोठ्याने बोलता येत नाही. कॅफेही नको. मागच्या टेबलावरचं बोलणं तुमच्या बोलण्याइतकंच स्पष्ट येतं.

चवथीचे दिवस मुदतीत येत असतील तर काम चतुर्थीच्या चार दिवस आधी उरका. घरात पाहुणे, आरत्या, घुमट, झांजा आणि बाहेर फटाके असताना शांत खोली मिळणार नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे स्पीकर लागतात तेव्हाही तेच.

घरातल्या माणसांना वेळ सांगून ठेवा. ‘माझी मुलाखत आहे’ एवढं पुरत नाही, कारण आईला वाटतं की लेक बोलतेय ती मोबाईलवरच, तेवढ्यात चहा नेऊन ठेवू. ‘अकरा ते पावणेबारा दार उघडायचं नाही, मी बाहेर येईपर्यंत मिक्सर लावायचा नाही’ असं सांगा.

तपासा: जागा ठरली? वेळ ठरली? ती जमली नाही तर दुसरी जागा आणि दुसरा दिवस ठरला? मग पुढे चला.

## ३. उत्तरं पाठ करू नका, प्रसंग गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन संध्याकाळी तरी.

नेटवरून पन्नास प्रश्न उतरवून पन्नास उत्तरं पाठ करणारे मी पाहिले आहेत. एकावन्नावा प्रश्न आला की ते गप्प होतात. प्रश्नांचे शब्द बदलत राहतात, पण विचारायचं असतं तेच: अडचणीत काय करता, चुकलात तर काय करता, दुसऱ्यांबरोबर जमवून घेता का, शिकता कसे, आणि हीच नोकरी का. म्हणून स्वतःच्या आयुष्यातले सहा खरे प्रसंग शोधा. त्यातला एकेक प्रसंग दोन-तीन प्रश्नांना पुरतो.

‘मला अनुभवच नाही, प्रसंग कुठून आणू?’ हे नुकत्याच पदवी घेतलेल्यांचं नेहमीचं म्हणणं. मामाच्या दुकानात महिनाभर गल्ला सांभाळला असेल. गावच्या जत्रेत वाहनं लावायची जबाबदारी घेतली असेल. शिगम्याच्या मेळात चाळीस जणांचे पोशाख वेळेवर आणले असतील. हंगामात घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या आणि एकाच दिवशी दोघे येऊन उभे राहिले असतील. हे सगळे कामाचे प्रसंग आहेत. पाहणाऱ्याला बघायचं असतं ते तुम्ही काय ठरवलं आणि का.

प्रत्येक प्रसंग चार ओळींत लिहा: काय घडलं, माझ्यावर काय होतं, मी काय केलं, शेवटी काय झालं. चारही ओळींत एक तरी ठोस गोष्ट हवी, म्हणजे आकडा, वस्तू, वेळ किंवा निर्णय.

एक उदाहरण घेऊ. रसायनशास्त्राची पदवीधर मुलगी, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यात गुणवत्ता विभागासाठी अर्ज. प्रश्न: अडचण आली आणि तुम्ही ती सोडवली असा प्रसंग सांगा.

पहिल्यांदा तिने दिलेलं उत्तर असं होतं: ‘आमच्या प्रोजेक्टमध्ये खूप अडचणी आल्या. पण आम्ही सगळ्यांनी मिळून मेहनत केली, सरांनी मार्गदर्शन केलं आणि प्रोजेक्ट यशस्वी झाला. त्यातून मी टीमवर्क शिकले.’

यात खोटं काही नाही, पण हे कोणीही म्हणू शकतं. मी तिला विचारत गेले. कसली अडचण? कोणाच्या लक्षात आली? कशी? मग तासाभराने हे निघालं:

‘आम्ही गावातल्या बारा विहिरींच्या पाण्याचा पीएच मोजत होतो. सगळ्या नमुन्यांचं मोजमाप माझ्याकडे होतं. तिसऱ्या दिवशी एकाच नमुन्याचं वाचन दर वेळी वेगळं यायला लागलं. नमुने टाकून देण्याआधी मी मीटर तपासायचं ठरवलं. पीएच ४ आणि ७ चे बफर, म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेली द्रावणं, लावून पाहिले, तर तेही चुकीचे दिसले. म्हणजे दोष पाण्यात नव्हता. इलेक्ट्रोड आदल्या दिवशी कोरडाच ठेवला गेला होता. मी तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवला, दुसऱ्या दिवशी मीटर पुन्हा कॅलिब्रेट केला आणि बाराही नमुने नव्याने मोजले. एक दिवस गेला. पण त्यानंतर इलेक्ट्रोड कोणी आणि कसा ठेवला याची सही करायची वही मी सुरू केली, आणि शेवटपर्यंत तो घोळ पुन्हा झाला नाही.’

प्रसंग तोच, मुलगीही तीच. आता पाहणाऱ्याला कळतं की वाचन चुकलं तर ही आधी यंत्र तपासते आणि नोंद ठेवते. औषध कारखान्याला नेमकं हेच हवं असतं. आणि हाच प्रसंग ‘तुमच्याकडून काय चुकलं’, ‘कामाची पद्धत कधी सुधारलीत’ याही प्रश्नांना चालतो, फक्त भर वेगळ्या ओळीवर द्यायचा.

आपल्या माणसांची एक खास अडचण इथे सांगायला हवी. आपण ‘आम्ही’ म्हणतो. घरात, गावात ‘मी केलं’ म्हणणं बढाई वाटते, तसं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि ते चांगलंच शिकवलेलं आहे. पण मुलाखतीत ‘आम्ही केलं’ म्हटलं की तुमचा वाटा दिसत नाही. गटाचं काम असेल तर गटाचं श्रेय एका वाक्यात द्या आणि लगेच ‘त्यात माझ्याकडे हे होतं’ असं म्हणून पुढे सगळं ‘मी’ वापरून सांगा. यात गर्व नाही, नेमकेपणा आहे.

इशारा: प्रसंग रचू नका. पुढच्या फेरीत त्याच प्रसंगावर चार उपप्रश्न येतात आणि रचलेला प्रसंग दुसऱ्याच प्रश्नाला अडतो.

## ४. उत्तर घड्याळात बसवा

सावकाश, समजेल असं बोललं तर मिनिटाला साधारण १२० ते १३० शब्द होतात. दीड मिनिटाच्या उत्तराला १८० ते १९० शब्द, म्हणजे वहीचं एक पानसुद्धा नाही. त्याची वाटणी मी अशी करायला सांगते: काय घडलं याला १५ सेकंद, जबाबदारीला १०, तुम्ही काय केलं याला ४५ आणि शेवटाला २०. बहुतेक जण पहिलं मिनिट पार्श्वभूमी सांगण्यात घालवतात आणि ‘मी काय केलं’ तिथे येईपर्यंत रेकॉर्डिंग थांबतं. वेळ कमी पडतोय असं वाटलं तर सुरुवात कापा, शेवट कापू नका.

‘स्वतःविषयी सांगा’ हा प्रश्न बहुधा पहिला येतो, म्हणून तो वेगळा बसवून ठेवा. नाव, गाव, वडील काय करतात, आई गृहिणी, छंद क्रिकेट, असं सोयरिकीच्या पत्रिकेसारखं सांगू नका. आता मी काय करतेय, या कामाशी जोडलेल्या माझ्या दोन गोष्टी कोणत्या, आणि इथे अर्ज का केला, एवढंच सांगा. शिक्षण एका वाक्यात येतं. कुटुंबाविषयी कंपनीला काही कळायची गरज नाही.

उत्तर इंग्रजीत द्यायचं असेल तर छोटी वाक्यं ठेवा. विचार मराठीत करून भाषांतर करत बोललात तर वाक्य मध्येच लोंबकळतं. त्यासाठी वर लिहिलेल्या चार ओळी इंग्रजीतच लिहा, त्याही तुमच्या तोंडी सहज येणाऱ्या शब्दांत. ‘बेसिकली’, ‘अ‍ॅक्च्युअली’ आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटचं ‘ना’ किती वेळा येतं ते तालमीत मोजा. उच्चार परदेशी करायचा प्रयत्न नको, आपला उच्चार स्पष्ट असला की पुरे. बंगळुरूला बसलेल्या माणसाला सत्तरी म्हणजे काय ते ठाऊक नसतं, तेव्हा ‘उत्तर गोव्यातला तालुका’ एवढं जोडा. यंत्राचं, सॉफ्टवेअरचं, संस्थेचं नाव घेताना वेग कमी करा, कारण अनेक ठिकाणी बोलण्याचा मजकूर आपोआप तयार होतो आणि तिथे नावंच आधी चुकतात.

‘यंत्र माझा चेहरा वाचतं, म्हणून सतत हसत राहायचं’ ही समजूत आपल्याकडे बरीच पसरली आहे. या क्षेत्रातली अमेरिकेतली मोठी कंपनी हायरव्ह्यू हिने चेहऱ्याचं विश्लेषण बंद केल्याचं २०२१ मध्येच जाहीर केलं. तुम्ही काय बोलता त्याकडे लक्ष द्या, मग ते माणूस तपासो वा यंत्र. ओढूनताणून हसणारा चेहरा दीड मिनिट पाहवत नाही.

तपासा: सहाही प्रसंग कागदाकडे न बघता, वेळेच्या पाच सेकंद आत संपतात का?

## ५. कॅमेरा, आवाज, नेट, वीज

*कॅमेरा.* तो डोळ्यांच्या रेषेत हवा. लॅपटॉपखाली पुस्तकं किंवा डबा ठेवा. मोबाईल असेल तर तो हातात धरायचा नाही. स्टँडवर किंवा भिंतीला टेकवून पक्का करा. डोक्यावर चार बोटं जागा आणि खाली छातीपर्यंतचा भाग दिसला की पुरे. लेन्स मऊ कापडाने पुसा. आपल्या दमट हवेत आणि खिशातल्या घामाने मोबाईलच्या लेन्सवर कायम एक धूसर थर असतो.

*उजेड.* खिडकी समोर घ्या, पाठीमागे नको. पाठीमागे खिडकी असली की तुमची फक्त काळी आकृती दिसते. जुन्या घरांना पडव्या आणि लांब वळचणी असल्याने भर दिवसा आत अंधार असतो, तिथे टेबल खिडकीच्या अगदी जवळ ओढा. पावसाळी दिवशी डोक्यावरच्या ट्यूबलाइटने डोळ्यांखाली सावल्या पडतात, म्हणून एक साधा टेबललॅम्प समोरच्या पांढऱ्या भिंतीवर किंवा कागदावर रोखून त्याचा परतलेला उजेड चेहऱ्यावर घ्या.

*आवाज.* लॅपटॉपच्या माईकपेक्षा वायरचे साधे इअरफोन बरे. ब्लूटूथवाले ऐन वेळी दुसऱ्याच फोनला जोडले जातात किंवा चार्जिंग संपतं. इअरफोनचा माईक कॉलरला किंवा साखळीला घासत नाही ना, बघा. छताच्या पंख्याचा वारा थेट माईकवर पडतो, पण एप्रिल-मे महिन्यात पंखा बंद करून बसलात तर पाच मिनिटांत घामाघूम व्हाल. टेबलफॅन असेल तर तो मागून, पायांकडे वळवून कमी वेगावर ठेवा. नसेल तर छताचा पंखा सगळ्यात हळू ठेवून तीस सेकंद रेकॉर्ड करा आणि ऐका. रुमाल जवळ असू द्या, दोन प्रश्नांच्या मध्ये चेहरा टिपता येतो.

*नेट.* स्पीड टेस्टमध्ये सगळे डाउनलोडचा आकडा बघतात. तुम्हाला अपलोडचा हवा, कारण व्हिडिओ तुमच्याकडून जायचा आहे. अपलोड २ एमबीपीएसच्या वर स्थिर असेल तर सहसा अडत नाही. टेस्ट ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी करा. सत्तरी, धारबांदोडा, काणकोणच्या आतल्या भागात एका खोलीत रेंज आणि शेजारच्या खोलीत नाही, असं असतं.

*वीज.* लॅपटॉप आणि फोन पूर्ण चार्ज केलेले हवेत. लॅपटॉप बॅटरीवर चालला तरी वीज गेल्यावर राउटर बंद पडतो हे विसरायला होतं. राउटरला छोटा यूपीएस लावा, किंवा दुसऱ्या कोणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट आधीच एकदा जोडून ठेवा, म्हणजे पासवर्ड जतन राहतो. रेकॉर्डिंग मोबाईलवरच करणार असाल तर फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका आणि मग वायफाय चालू करा, म्हणजे साधे फोन येणार नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल तरीही येतात, म्हणून ‘डू नॉट डिस्टर्ब’ही लावा.

कपड्यांविषयी थोडकंच. इस्त्रीचा सुती शर्ट किंवा कुर्ता, एका रंगाचा. बारीक रेघांचं कापड कॅमेऱ्यात लहरतं. भिंत पांढरी असेल तर पांढरा शर्ट टाळा. हॉटेलात किंवा मोपाच्या विमानतळावर समोरच्या काउंटरची नोकरी असेल तर केस, नखं, दाढी यांकडे जास्त लक्ष द्या. तिथे तोही कामाचाच भाग मानतात.

## ६. तालीम: तीनदा पाहायची

मित्राला किंवा भावंडाला दहा चिठ्ठ्यांवर दहा प्रश्न लिहायला सांगा. एक चिठ्ठी उचला, तीस सेकंद विचार करा, फोनवर दीड मिनिट रेकॉर्ड करा. थांबायचं नाही, पुन्हा सुरू करायचं नाही. त्या तीस सेकंदांत पूर्ण वाक्यं जुळवू नका. कोणता प्रसंग, पहिलं वाक्य कोणतं आणि शेवट कुठे करायचा, एवढंच ठरवा.

मग तेच रेकॉर्डिंग तीन वेळा घ्या. पहिल्यांदा फोन उलटा ठेवून फक्त ऐका: शब्द गिळले जातात का, वाक्याच्या शेवटी आवाज पडतो का. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त पाहा: नजर कुठे जाते, खुर्ची हलते का, हात चेहऱ्याकडे जातो का. तिसऱ्यांदा दोन्ही. सगळं एकदम पाहिलं तर माणूस स्वतःच्या नाकाकडे आणि केसांकडेच बघत बसतो आणि बाकीचं सुटतं.

नजर लेन्सवर हवी, पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्यावर नको. हे सगळ्यांना जड जातं. लेन्सच्या अगदी शेजारी एक छोटा कागद चिकटवा आणि त्यावर प्रसंगांची फक्त नावं लिहा: ‘विहीर’, ‘जत्रा’, ‘दुकान’. पूर्ण उत्तर लिहून ठेवलंत तर डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतात, आणि ते पाहणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदांत कळतं. दुसऱ्या टॅबमध्ये एआयकडून उत्तर घेऊन वाचायचा विचार असेल तर तो सोडा. काही प्लॅटफॉर्म टॅब बदलल्याची नोंद ठेवतात, आणि नोंद नसली तरी वाचलेलं उत्तर कानाला वेगळं लागतं.

इशारा: एकच उत्तर चारपेक्षा जास्त वेळा घोकू नका. पाचव्या वेळेपासून ते शाळेतल्या भाषणासारखं येतं.

## ७. आता लिंक

ठरलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी बसा. पाण्याचा पेला, रुमाल, चिकटवलेला कागद. दाराबाहेर चिठ्ठी. बाकीचे सगळे टॅब आणि अ‍ॅप बंद. लॅपटॉपचा आपोआप होणारा अपडेट थांबवा. पाच मिनिटं मोठ्याने काहीतरी वाचा, म्हणजे घसा मोकळा होतो.

मग लिंक उघडा आणि या क्रमाने जा:

१. ब्राउझर कॅमेरा आणि माईकची परवानगी मागेल, ती द्या. चुकून नाकारली असेल तर पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावरून ती पुन्हा देता येते.
२. योग्य माईक निवडला गेलाय ना, बघा. इअरफोन लावूनही आवाज लॅपटॉपच्याच माईकवर जाणं नेहमी घडतं.
३. बहुतेक ठिकाणी एक सराव प्रश्न असतो, जो कंपनीकडे जात नाही. तो सोडू नका. दोनदा करा आणि पुन्हा ऐका.
४. ‘हा सराव आहे’ की ‘हा खरा प्रश्न आहे’ हे पडद्यावर वाचल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका.
५. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर एक सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो.

मध्येच अडलात तर ‘सॉरी, सॉरी’ म्हणू नका आणि चेहरा कसनुसा करू नका. थांबा, श्वास घ्या, मागच्या वाक्यापासून पुढे बोला. पाहणाऱ्याला ते दोन सेकंद जाणवतही नाहीत. उत्तर वेळेआधी संपलं तर रेकॉर्डिंग बंद करा. उरलेली वेळ भरून काढण्यासाठी बोललेलं तेच पुन्हा सांगायची गरज नाही.

पुन्हा रेकॉर्ड करायची सोय असेल तर आधी नियम वाचा. बऱ्याच ठिकाणी दुसरा प्रयत्न सुरू केला की पहिला पुसला जातो आणि परत मिळत नाही. म्हणून एकाच प्रश्नाचा निकष ठेवा: पहिल्या उत्तरात खरी चूक होती का? प्रश्न चुकीचा समजला, मोठा आवाज मध्ये आला, मुख्य मुद्दाच राहिला, तर पुन्हा करा. एखादा शब्द अडखळला म्हणून नाही. माझ्या अनुभवात तिसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा क्वचितच बरा निघतो, कारण तोवर चेहऱ्यावर थकवा येतो.

वीज किंवा नेट गेलं तर: पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करू नका. पडद्यावर दिसतोय त्या संदेशाचा दुसऱ्या फोनने फोटो काढा, वेळ लिहून ठेवा, हॉटस्पॉट जोडा आणि तीच लिंक उघडा. बहुधा राहिलेल्या प्रश्नापासून पुढे जाता येतं. एखादं उत्तर अर्धवट गेलं असेल तर त्याच तासात कंपनीला मेल करा: किती वाजता, कितव्या प्रश्नाला, काय झालं, सोबत फोटो, आणि तो प्रश्न पुन्हा उघडून देण्याची विनंती. चार ओळींत. दुसऱ्या दिवशी पाठवलेला तोच मेल सबबीसारखा वाचला जातो.

## ८. शेवटचं बटण दाबल्यावर

उत्तर रेकॉर्ड होणं आणि ते पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपलोडची पट्टी पूर्ण होईपर्यंत आणि ‘सादर झालं’ असा संदेश येईपर्यंत लॅपटॉप मिटू नका. तो मिटला की नेट तुटतं आणि शेवटचं उत्तर अर्ध्यावर राहतं. संदेशाचा स्क्रीनशॉट घ्या. पोहोच देणारा मेल येतो का बघा, स्पॅममध्येही बघा. चोवीस तासांत आला नाही तर स्क्रीनशॉट जोडून विचारा. निकालासाठी मात्र त्यांनी सांगितलेले दिवस जाऊ द्या. रोज फोन करून काही लवकर होत नाही.

उठण्याआधी आणखी दहा मिनिटं त्याच खुर्चीत बसा. आलेले प्रश्न आठवतील तसे वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे कोणता प्रसंग सांगितला, कोणते आकडे सांगितले तेही लिहा. पुढच्या फेरीत समोर बसलेल्या माणसाने हाच व्हिडिओ पाहिलेला असतो. तो ‘त्या बारा विहिरींचं पुढे काय झालं?’ असं विचारेल तेव्हा तुम्ही बाराच म्हणाला होतात की पंधरा, हे तुमच्या वहीत असलं पाहिजे.